टाकीतला समुद्र

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई सध्या मुलाकडे कॅलिफोर्नियात आहेत. जानेवारीतल्या एका रात्री त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सर, सुनेने येत्या शनिवारी सगळ्यांना सॅन डिएगोच्या सी वर्ल्डला न्यायचं ठरवलंय. धाकटी दोघं आनंदाने नाचताहेत. पण मोठी नात हटून बसलीय. म्हणते, तिथे ओर्कांना कोंडून ठेवतात, मी येणार नाही. सुनेने तर सगळ्या दिवसाचा तक्ता करून ठेवलाय. आता तुम्हीच सांगा, जावं की न जावं? आणि गेलं तर काय बघावं?"

दोन मिनिटांत उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. आम्ही एक दिवस मागून घेतला आणि कपाटातली पुस्तके खाली काढली. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडत आहोत. परदेशी नातलगांकडे जाणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत, आणि 'जावे की न जावे' हा प्रश्न आता आपल्या वर्गातली मुलेही विचारू लागली आहेत.

सुनबाईंचा तक्ता साधारण असा होता : दार उघडायच्या आधी अर्धा तास पोहोचायचे, अकराला डॉल्फिन, मग पेंग्विन, जेवण, दुपारी ओर्का, त्यानंतर सी-लायन. पुढच्या रांगांत बसायचे नाही, कारण तिथे अंगावर पाणी उडते. म्हणजे सगळा दिवस प्राण्यांच्या खेळांच्या वेळांभोवती बांधलेला. समुद्रातल्या प्राण्यांना अशी वेळापत्रके कधी आणि कशी मिळाली, तिथूनच सुरुवात करू.

समुद्र घरात आणणे दिसते तितके सोपे नाही. शाळेत काचेच्या भांड्यात मासे ठेवून पाहिलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे की दोन दिवसांत पाणी गढूळ होते आणि तिसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगू लागतात. या अडचणीवरचा तोडगा लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मांडला. त्याने एका टाकीत सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती ऑक्सिजन देई, मासे कार्बन डायऑक्साइड देत. पण वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी नासू लागले. तेव्हा त्याने कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या, आणि टाकी तगली. अन्नसाखळी शिकवताना हा प्रयोग वर्गात जरूर करावा, खर्च फारसा येत नाही. लगेच १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. ते उभारण्यात फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाचा मोठा वाटा होता. आमच्या पिढीने मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात जे पाहिले, अंधारा बोळ आणि त्यात उजळलेल्या काचेच्या टाक्या, त्याचे कुळ थेट या लंडनच्या मत्स्यघरापर्यंत पोहोचते.

लहान माशांचे जमले म्हणून मोठ्या प्राण्यांचेही जमेल, असा काहींचा समज झाला. सर्कशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला बार्नम हा त्यांतला पहिला. त्याने १८६१ साली कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडचे बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, पकडून न्यू यॉर्कमधल्या आपल्या संग्रहालयाच्या तळघरात ठेवले. ते काही दिवसांतच मेले. त्याने दुसरे आणवले. १८६५ साली त्या इमारतीला आग लागली तेव्हाही दोन बेलुगा आत होते. पुढे काय झाले ते सांगायला नको.

चित्रपटाचा स्टुडिओ

आजच्या सागरी उद्यानांचा खरा आरंभ मात्र प्राणिसंग्रहालयात झाला नाही, चित्रपटाच्या धंद्यात झाला. कोमोडो बेटावरच्या अजस्र घोरपडींसाठी १९२६ साली मोहीम काढणारा डग्लस बर्डन, श्रीमंत घराण्यातला कॉर्नेलियस व्हॅन्डरबिल्ट व्हिटनी, आणि रशियन कादंबरीकार टॉल्स्टॉय यांचा नातू इल्या टॉल्स्टॉय, अशा काही मंडळींच्या मनात आले की पाण्याखालची दृश्ये कोरड्या जागी उभे राहून चित्रित करता यावीत. त्यासाठी फ्लोरिडात, सेंट ऑगस्टीन गावाच्या दक्षिणेला, अगदी समुद्रकाठी त्यांनी दोन अवाढव्य टाक्या बांधल्या. भिंतींना जागोजागी काचेच्या खिडक्या ठेवल्या आणि समुद्राचे पाणी पंपाने सतत खेळते ठेवले. वॉरिंग्टनला जो समतोल गोगलगाई सोडून साधावा लागला तो इथे पंपाने साधला. जागेचे नाव 'मरीन स्टुडिओज'. २३ जून १९३८ रोजी ती लोकांसाठी उघडली तेव्हा वीस हजारांवर माणसे लोटली आणि किनाऱ्यावरचा रस्ता मोटारींनी तुंबला. चित्रपट बाजूला राहिले आणि तिकिटांचाच धंदा मोठा झाला.

गर्दीला सर्वांत जास्त काय आवडे? डॉल्फिनचे जेवण. कर्मचारी उंचावर मासा धरत, डॉल्फिन पाण्याबाहेर झेप घेऊन तो टिपत आणि लोक टाळ्या वाजवीत. जेवणाच्या वेळा आधी जाहीर होऊ लागल्या. पुढे १९४९ साली सर्कशीतला एक प्रशिक्षक नोकरीस ठेवला गेला आणि जेवणाचे रीतसर खेळ झाले. बाईंच्या सुनेच्या तक्त्यातली 'अकराला डॉल्फिन' ही नोंद अशी जन्माला आली.

पण टाक्यांनी नुसती करमणूकच केली असे म्हटले तर तो अन्याय होईल. मरीन स्टुडिओजचा पहिला क्युरेटर आर्थर मॅकब्राइड डॉल्फिन पकडण्याच्या मोहिमांवर जाई. रात्री, गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांना काही दिसणे शक्य नव्हते तिथेही डॉल्फिन बारीक विणीचे जाळे दुरूनच चुकवीत, हे त्याच्या लक्षात आले. जाळ्याची वीण मोठी असली तर मात्र ते फसत. त्याला वटवाघळांची आठवण झाली. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधण्याची वटवाघळांची युक्ती तेव्हा नुकतीच उलगडली होती. मॅकब्राइडने १९४७ साली हे टिपून ठेवले, पण ते टिपण छापले गेले १९५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर. मग केनेथ नॉरिस या प्राणिशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसजवळच्या 'मरीनलँड ऑफ द पॅसिफिक' या उद्यानात कॅथी नावाच्या डॉल्फिन मादीच्या डोळ्यांवर रबराच्या वाट्या बसवल्या. डोळे झाकलेली कॅथी पाण्यात टांगलेल्या नळ्यांच्या जंजाळातून न धडकता सहज पार झाली. १९६० च्या सुमाराचा हा प्रयोग टाकीशिवाय होणे अवघड होते, हे मान्य केले पाहिजे.

ओर्काचा उलटा प्रवास

सॅन डिएगोचे सी वर्ल्ड उघडले २१ मार्च १९६४ रोजी. एकाच विद्यापीठात शिकलेल्या चौघांचा बेत आधी पाण्याखाली उपाहारगृह काढण्याचा होता. ते जमले नाही म्हणून उद्यान झाले. पहिल्या वर्षी चार लाखांवर लोक आले. त्या वर्षी तिथे ओर्का नव्हता.

ओर्का म्हणजे इंग्रजीत ज्याला किलर व्हेल म्हणतात तो. नावात व्हेल असला तरी तो डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. त्या काळी त्याची ख्याती क्रूर म्हणून होती. कोळी त्याला दिसताच गोळी घालीत. सॅमन मासे खातो म्हणून कॅनडाच्या मत्स्य खात्याने १९६० च्या सुमारास एका सामुद्रधुनीच्या काठी त्याच्यासाठी चक्क मशीनगन बसवली होती. ती झाडली गेली नाही, इतकेच.

जुलै १९६४ मध्ये व्हॅन्कुव्हरच्या मत्स्यालयाने सॅम्युअल बुरिच या शिल्पकाराला एक ओर्का मारायला पाठवले, कारण त्याला त्यावरून हुबेहूब पुतळा घडवायचा होता. हार्पून लागला, पण प्राणी मेला नाही. त्याला त्याच दोरीने ओढत बंदरात आणले. मादी समजून त्याचे नाव 'मोबी डॉल' ठेवले. तो नर होता हे मेल्यानंतर कळले. जवळजवळ दोन महिने त्याने काही खाल्ले नाही, आणि पकडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो मेला. पण तेवढ्या दिवसांत लोकांनी पाहिले की हा 'खुनी' माणसाच्या हातून निमूटपणे मासा घेतो. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली.

पुढच्याच वर्षी नामू गावाजवळ कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला ओर्का सिएटलच्या टेड ग्रिफिनने आठ हजार डॉलरला विकत घेतला. तरंगत्या पिंजऱ्यातून शेकडो मैल ओढत त्याला सिएटलला आणले. ग्रिफिन त्याच्या पाठीवर बसून पोहे. नामू वर्षभर जगला. त्याला जोडीदार म्हणून ग्रिफिनने एक मादी पिल्लू पकडले, शामू. तीच सी वर्ल्डला गेली आणि १९७१ साली मेली. पण नाव मेले नाही. नंतरच्या कित्येक ओर्कांना लोकांपुढे आणताना 'शामू' असेच म्हटले गेले. मुलांच्या हातातली काळी-पांढरी कापडी शामू, छापाचे टी-शर्ट, सगळे तिथूनच आले. १९७१ साली ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड उघडले. दोन वर्षांनी सी वर्ल्डही तिथे पोहोचले, आणि समुद्रापासून आत असलेल्या त्या गावात मीठ मिसळून समुद्राचे पाणी तयार होऊ लागले.

मागणी वाढली आणि तिचा सगळा भार एका कोपऱ्यावर पडला. ८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह नावाच्या खाडीत होड्या, विमान आणि पाण्यात फोडायचे बाँब वापरून ऐंशीच्या आसपास ओर्का हाकलून आणले गेले. पिल्ले जाळ्याच्या आत आणि आया बाहेर, अशी विभागणी झाली. सात पिल्ले उद्यानांना विकली गेली. पाच ओर्का जाळ्यात अडकून बुडाले. त्यांतल्या चौघांची पोटे चिरून, आत दगड भरून, त्यांना तळाशी सोडले होते. नोव्हेंबरात ती कलेवरे किनाऱ्याला लागली आणि लोकांना कळले. अमेरिकेने १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, पण उद्यानांसाठी परवाने चालूच राहिले. १९७६ साली एका पकडीवरून वॉशिंग्टन राज्य न्यायालयात गेले तेव्हा कुठे तिथली धरपकड थांबली.

इथे आम्हाला मायकल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायचीच आहे. एकूण ओर्का आहेत तरी किती? लोक म्हणत, हजारो असतील. बिगने १९७१ साली एक सोपी युक्ती केली. किनाऱ्यावरच्या कोळी, दीपगृहवाले, बोटवाले अशांना सुमारे पंधरा हजार प्रश्नपत्रे वाटली आणि कळवले की अमुक दिवशी दिसलेले ओर्का मोजा. उत्तर आले, जेमतेम दोनशे ते साडेतीनशे. पुढे त्याने प्रत्येक ओर्काचा फोटो काढायला सुरुवात केली. पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग प्रत्येकाचा वेगळा असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. वर्षानुवर्षांच्या या फोटोंवरून कळले की तिथले सॅमन खाणारे ओर्का आईच्या कुटुंबात राहतात, आणि मुलगे मोठे होऊनही जन्मभर आईला सोडत नाहीत. त्याच्या सहकाऱ्यांपैकी जॉन फोर्ड याने दाखवले की प्रत्येक कुटुंबसमूहाची 'बोली'ही वेगळी असते. मोबी डॉलच्या आवाजाचे १९६४ सालचे ध्वनिमुद्रण होते. त्यावरून तो कोणत्या समूहातला, हेसुद्धा सांगता आले.

म्हणजे पेन कोव्हला जी पिल्ले उचलली ती नुसती 'काही पिल्ले' नव्हती, मोजक्या कुटुंबांची मुले होती. त्या दक्षिणेकडच्या समूहाची १९७४ साली मोजणी झाली तेव्हा सत्तरच्या आसपास ओर्का उरले होते. सॅमनचा तुटवडा, प्रदूषण, बोटींचा गोंगाट अशी कारणे नंतर वाढत गेली. अर्ध्या शतकानंतरही त्यांची संख्या सत्तर-पंचाहत्तरच्या घरातच आहे. पेन कोव्हच्या पिल्लांपैकी एक मादी मायामीच्या उद्यानात पन्नासहून अधिक वर्षे जगली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वारली. तिची रक्षा लमी या तिथल्या मूळ रहिवाशांनी तिच्या समुद्रात सोडली.

अमेरिकेत दार बंद झाल्यावर पकडणारे आइसलँडकडे वळले. तिथून १९८३ साली दोनेक वर्षांचा टिलिकम आणला गेला. १९९१ साली कॅनडातल्या एका उद्यानात त्याच्या आणि दोन माद्यांच्या टाकीत पाय घसरून पडलेल्या तरुण प्रशिक्षिकेचा मृत्यू झाला. ते उद्यान बंद पडले आणि टिलिकम ऑर्लँडोला विकला गेला. तिथे २०१० साली त्याने आपल्या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढले. तीही वाचली नाही. त्यावरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट २०१३ साली आला आणि उद्यानात येणारे लोक कमी होऊ लागले. मार्च २०१६ मध्ये सी वर्ल्डने जाहीर केले की यापुढे ओर्कांची पैदास करणार नाही. सॅन डिएगोतला नाटकी खेळ जानेवारी २०१७ मध्ये थांबला आणि त्याची जागा निसर्गातल्या सवयी दाखवणाऱ्या कार्यक्रमाने घेतली. आज तिथे दिसणारे ओर्का ही तिथली शेवटची पिढी.

गंमत म्हणावी की दुःख, कळत नाही. १९६४ पूर्वी ज्या प्राण्यावर मशीनगन रोखली जात होती त्याच्यासाठी आज एक शाळकरी मुलगी सहल नाकारते. हे प्रेम पुष्कळ अंशी टाक्यांनीच निर्माण केले. काचेपलीकडून डोळ्याला डोळा भिडला नसता तर किती लोकांना ओर्काची पर्वा वाटली असती? आणि तीच पर्वा आता टाक्यांच्या मुळावर आली आहे.

आपल्याकडचा अनुभव थोडक्यात. चेन्नईजवळ १९९८ साली बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. पुढे काही शहरांतून डॉल्फिनचे खेळ सुरू करण्याचे प्रस्ताव आले तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून देशात अशा खेळांना मनाई केली. त्याच दशकात मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी भागात 'सी वर्ल्ड' उभारण्याचा बेत गाजला. मुख्य वाद जमिनीचा होता आणि ग्रामस्थांचा विरोध मोठा होता. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे, आणि तिथल्या समुद्रात डॉल्फिन आपले आपणच येतात.

आता बाईंचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा आम्ही त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. एक, नातीचा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा, पण हा इतिहास तिला आणि धाकट्यांनाही सांगावा. दुसरी, उद्यानाची दुसरी बाजूही तिच्यापुढे ठेवावी. जानेवारी १९९७ मध्ये किनाऱ्याला लागलेले करड्या देवमाशाचे आजारी पिल्लू, जेजे, जेमतेम पाऊण टनाचे होते. सी वर्ल्डने ते वाढवले आणि मार्च १९९८ मध्ये सुमारे साडेआठ टनांचे झाल्यावर समुद्रात सोडले. तिसरी गोष्ट आम्हाला स्वतःलाच नवी होती. त्याच सॅन डिएगोत, पॉइंट लोमा नावाच्या टेकाडावर, काब्रियो राष्ट्रीय स्मारक आहे. १९५० साली तिथे देवमासे पाहण्यासाठी सार्वजनिक जागा उघडली, म्हणजे सी वर्ल्डच्या चौदा वर्षे आधी. पहिल्याच वर्षी दहा हजार लोक आले. १९५५ साली एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन होडीतून देवमासे दाखवायला सुरुवात केली. अलास्काकडून मेक्सिकोच्या खाऱ्या सरोवरांकडे जाणारे करडे देवमासे जानेवारीत त्या टेकाडासमोरून जातात.

"पण तिथे किती वाजता दिसतात?" बाईंनी विचारले. आम्ही म्हणालो, "त्याला वेळापत्रक नाही. दुर्बीण, टोप्या, खायचे डबे आणि सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन जा." करडा देवमासा साधारणपणे अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तीन ते पाच वेळा श्वास सोडतो आणि मग काही मिनिटे बुडी मारतो. फवारे मोजायचे, बुडीची वेळ लिहायची, एवढा अभ्यास मुलांना पुरतो.

रविवारी रात्री त्यांचा फोन आला. दिवस दोन भागांत वाटला गेला होता. सकाळी सगळे टेकाडावर गेले. दुपारी धाकट्यांना घेऊन सून पेंग्विन पाहायला गेली, बाई आणि मोठी नात टेकाडावरच थांबल्या. सकाळच्या अडीच तासांत धाकट्यांना एकही देवमासा दिसला नव्हता, फक्त नौदलाची जहाजे दिसली, आणि दोघे पार कंटाळले होते. तिनाच्या सुमारास दूरवर एक फवारा उठला. नातीच्या वहीत बाईंनी आम्हाला वाचून दाखवलेली नोंद अशी होती : "चार फवारे. मग पाच मिनिटे दहा सेकंद काही नाही. मग तीन फवारे, पण आणखी दक्षिणेला."

बाईंनी विचारले, आपल्या नववीच्या मुलांची तारकर्लीची सहल कधी आहे? म्हटले, फेब्रुवारीत. तर म्हणाल्या, "होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करायचं. आणि घड्याळ न्या."